एकही अनाथ आढळला नाही

"एक मूल, एक खाट!" नीळकंठरावांनी हातातलं सरकारी पत्र नाकापर्यंत नेलं आणि पुन्हा खणखणीत आवाजात वाचलं. "ऐकतेस ना कुंदा? प्रत्येक मुलास स्वतंत्र खाट. स्वतंत्र!"

"सकाळपासून तेच ऐकतेय," कुंदाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "आधी तुमच्या खाटेचं बघा. तिचा एक पाय विटेवर आहे."

पण नीळकंठरावांचं बायकोकडे लक्ष असेल तर शपथ! तहसील कचेरीत हयात घालवलेला माणूस. रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी सरकारी शिक्का दिसला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. आणि हे पत्र तर थेट त्यांच्याच नावानं आलेलं होतं. "मानद सेक्रेटरी, बालसदन, घाटंजी." बालसदन म्हणजे त्यांच्या घरामागचं कापसाचं जुनं गोदाम. वर टिनाचं छप्पर, आत शेणानं सारवलेली जमीन, एक लांबलचक सतरंजी आणि त्या सतरंजीवर सात पोरं. कोणाला बसस्टँडवर सोडलेलं, कोणाचे आईबाप पटकीत गेलेले, कोणाला दूरचा चुलता 'दोन दिवस सांभाळा' म्हणून ठेवून गेला तो अजून यायचाच आहे. नीळकंठराव अर्ज छान लिहितात एवढ्या कीर्तीवर लोक पोरं आणून घालायचे. पहिलं पोर आलं तेव्हा त्यांनी सरकारला अर्ज केला, उत्तर येईपर्यंत दुसरं आलं, आणि मग उत्तर आलंच नाही. तेव्हा त्यांनी पाटी लावून टाकली.

आता मात्र त्रेसष्ट साल उजाडलं होतं आणि दिल्लीत झालेला अनाथालयांचा नवा कायदा रखडत रखडत घाटंजीपर्यंत पोचला होता. कायदा तसा चांगलाच. पोरांच्या नावावर देणग्या लाटणाऱ्यांना आळा बसावा, पोरांचे हाल होऊ नयेत, म्हणून केलेला. ज्याला अनाथालय चालवायचं त्यानं सरकारचं मान्यतापत्र घ्यायचं. तपासणीला अधिकारी येणार, पसंत पडलं तर मान्यता. नाही पडलं तर संस्था बंद आणि मुलं सरकारी गृहात. तीही एका ठिकाणी नाहीत. मुलगे एका जिल्ह्यात, मुली दुसऱ्या जिल्ह्यात, लहानगी आणखी तिसरीकडे.

ही शेवटची ओळ नीळकंठराव मोठ्यांदा वाचत नसत. ती त्यांनी एकदाच, मनातल्या मनात वाचली होती. सातही पोरं एका रजईत पाय घालून झोपणारी. ती अशी तीन दिशांना गेली तर? छे छे! मान्यता मिळालीच पाहिजे. तपासणी सोमवारी होती आणि आज शनिवार.

"सात खाटा!" ते अंगणात येरझाऱ्या घालत ओरडले. "सोमवारच्या आत सात खाटा!"

घाटंजीत एकच धावपळ उडाली. पंजाबराव जिनिंगवाल्यांनी आपला पितळी पलंग दिला. तो इतका उंच की त्यावर चढायला स्टूल लागायचं. शाळेनं दोन बाकं जोडून दिली. मारवाड्याच्या दुकानातून एक फळी आली. पण सात काही होईनात. शेवटी स्वयंपाकाला येणारी धनीबाई कणीक मळता मळता म्हणाली, "भाऊ, बाजा पाह्यजे तं आमच्या तांड्यात लय हाय. नायकाले सांगू काय?"

"सांग, सांग! अगं, आधी सांगायचं नाही का!"

धनीबाई गावाबाहेरच्या बंजारा तांड्यातली. एकेकाळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं आता शेती करून स्थिरावली होती, पण तांड्याचा कारभार जुनाच. नायक बोलला की संपलं. त्यावर कोर्ट नाही, अपील नाही. नायक भीमसिंगनं चार बाजा तर पाठवल्याच, वर निरोप दिला की आणखी काय लागलं तर सांगा.

खाटांची सोय झाली आणि नीळकंठरावांना नवा घोर लागला. संस्थेचे अध्यक्ष दीनानाथ वकील रविवारी सकाळी येऊन चहा पिऊन गेले आणि जाता जाता काडी टाकून गेले. "नीळकंठराव, खाटा ठीक आहेत. पण कायद्याचा गाभा काय? मुलं खरोखर निराधार आहेत, हे अधिकाऱ्याला दिसलं पाहिजे. पोरं बावरतात, भलतंच बोलतात. तयारी करून घ्या. मला उद्या पांढरकवड्याला केस आहे, संध्याकाळपर्यंत येतो."

झालं! नीळकंठरावांनी सातही पोरांना अंगणात रांगेत उभं केलं.

"हे बघा, उद्या साहेब विचारतील, बाळ, तुझं कोण आहे? तर काय म्हणायचं? कोणी नाही! म्हणा."

"कोणी नाही!" पोरं आनंदानं किंचाळली.

"अरे, असं झेंडावंदनासारखं नाही! जरा दुःखानं म्हणा."

"दुःखानं म्हंजे कसं, काका?" मैनानं विचारलं. ही मैना आठ वर्षांची. सातांत सगळ्यात मोठी आणि सात जणांचा दंगा एकटी करणारी. कपबशी फुटली की मैना, विहिरीत बादली पडली की मैना, आणि कुंदाबाईंना उलट उत्तर देणारी घाटंजीत एकच व्यक्ती, तीही मैना. दोघींची दिवसभर जुंपलेली असायची.

"दुःखानं म्हणजे... मान खाली घालून. हळू. म्हण."

"माहं कोनी नाई," मैना मान खाली घालून म्हणाली आणि लगेच वर बघून खुदकन हसली. "जमलं काय?"

"उत्तम! सगळे म्हणा!"

चुलीशी बसलेल्या धनीबाईच्या हातातली भाकर थांबली. ती पदरानं डोळे पुसत बाहेर आली. "भाऊ, हे काय शिकवून राह्यले लेकराईले? असं तोंडानं म्हनू नाई."

"अगं, कायदा आहे. उद्या साहेब येणार, कोणाला कोणी नाही ते बघणार."

"आन पाहून काय करनार?"

"काय करणार म्हणजे? पसंत पडलं नाही तर मुलं घेऊन जातील. लांब. एक इकडं, एक तिकडं."

नीळकंठरावांच्या डोक्यात कायदा पक्का बसला होता, त्यामुळे त्यांना त्यात काही गोंधळ दिसला नाही. धनीबाईला मात्र लख्ख दिसलं. साहेब येणार. ज्याला कोणी नाही त्याला शोधणार. आणि घेऊन जाणार. आणि हा भोळा माणूस पोरांना स्वतःच्या तोंडानं सांगायला लावतोय की आम्हाला कोणी नाही! तिनं भाकरी थापल्या, तवा उतरवला आणि रोजच्यापेक्षा लवकर, झपाझप तांड्याच्या वाटेला लागली.

सोमवारी दहाच्या सुमारास जीपचा धुरळा दिसला आणि नीळकंठरावांनी टोपी सारखी केली. पोरांना त्यांनी आपापल्या खाटेवर झोपवून ठेवलं होतं. दिवसाढवळ्या का झोपली असं विचारलं तर विश्रांतीचा तास, असं उत्तर तयार. जीप थांबली. आतून साहेब उतरले नाहीत. उतरल्या सुहासिनीबाई. उंच, सावळ्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात छत्री. नीळकंठरावांचा स्वागताचा हार आणि घोटून ठेवलेला "साहेब" हा शब्द दोन्ही हवेत राहिले.

"मीच निरीक्षक," त्या म्हणाल्या. "हार नको. मुलं कुठे आहेत?"

"या, या! अगदी नियमाप्रमाणे. एक मूल, एक खाट!"

गोदामाचं दार उघडलं. सात खाटा होत्या. इतक्या चिकटून की शेवटच्या खाटेपर्यंत जायचं तर पहिल्या सहा तुडवत जावं लागेल. आणि खाटांवर एकही मूल नव्हतं!

सुहासिनीबाईंनी छत्रीच्या टोकानं पितळी पलंगाची चादर वर केली. खाली, थंडगार जमिनीवर, जुनी सतरंजी अंथरून सातही पोरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपली होती.

"हे काय?"

"अरे उठा! उठा!" नीळकंठराव ओरडले.

मैना डोळे चोळत बाहेर आली. "वर झोप येत नाई. वरतून मारोतीचं घोरनं आयकू येत नाई, मंग भेव लागते."

मारोती म्हणजे सगळ्यात धाकटा. चार वर्षांचा, गोल गालांचा, तो तर उठलाच नाही. सुहासिनीबाईंच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. त्यांनी अंगणात खुर्ची मागवली, पोरांना समोर उभं केलं आणि पहिल्याच मुलीला मऊ आवाजात विचारलं, "बाळ, तुझं कोण आहे?"

नीळकंठरावांनी देवाचं नाव घेतलं. सातही पोरांनी एकदम श्वास आत घेतला. आणि तेवढ्यात फाटकाबाहेर बैलांच्या घुंगरांचा असा खणखणाट झाला की सगळे तिकडेच पाहू लागले.

बैलगाड्यांची रांगच उभी होती. गाड्यांतून धडाधड बायका उतरल्या. आरशांच्या चोळ्या, लालभडक घागरे, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि सगळ्यांच्या पुढे धनीबाई. मागून पागोटं बांधलेला भीमसिंग नायक शांतपणे आला आणि त्यानं बाईंना हात जोडले.

"रामराम, साहेबबाई. हे पोट्टे आमचे हाय."

"तुमचे?" सुहासिनीबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. "कोणते?"

"समदेच."

"भीमसिंग!" नीळकंठराव कळवळून म्हणाले. "अहो, हे काय बोलताय?"

"खरं बोलून राह्यलो, भाऊ. काल तांडा बसला. समद्याईनं कबूल केलं." त्यानं मागं वळून हात केला. "घ्या वो आपापले."

आणि मग काय सांगावं! बायका पोरांवर तुटूनच पडल्या. एकीनं एकाला कडेवर घेतलं, दुसरीनं दुसरीला पदराखाली ओढलं. धनीबाईनं तर तोतऱ्या सखूला असं छातीशी धरलं की तिला श्वास घेता येईना. पोरांना आधी काही कळलं नाही. मग एकाच्या हातात गुळाचा खडा आला, एकाच्या गळ्यात कवड्यांची माळ पडली, आणि 'कोणी नाही' म्हणायचं आहे, हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

सुहासिनीबाईंनी मारोतीला उचलणाऱ्या बाईला अडवलं. "थांबा. तुमचं नाव?"

"रुपीबाई."

"हा तुमचा मुलगा? नाव काय याचं?"

"धावजी," रुपीबाई बेधडक म्हणाली.

"इथं तर मारोती लिहिलंय."

"ते शाळेतलं. घरी धावजी."

"हा चार वर्षांचा आहे. शाळेत कुठे जातो?"

"जाईन ना पुढं. नाव आधीच घालून ठेवलं."

बाई पुढं काही विचारणार तोच दुसरी एक धिप्पाड बाई गर्दीतून घुसली आणि तिनं मारोतीचा एक पाय धरला. "कायले लबाड बोलतं वो रुपी? हा माहा पोरगा हाय. काल नायकासमोर मी आधी म्हटलं!"

"धुरपता, सोड! तुले थे लांब नाकाची पोट्टी सांगतली होती!"

"मले हाच पाह्यजे. याचे गाल पाय ना!"

एकीकडे डोकं, एकीकडे पाय. मध्ये मारोती अर्धवट झोपेत खदाखदा हसत होता. त्याला वाटलं झोका खेळतायत. सुहासिनीबाई उभ्या राहिल्या. "एका मुलाला दोन आया? हा काय प्रकार आहे?"

भीमसिंगनं नुसता हात वर केला. दोघी तिथल्या तिथं गप्प झाल्या. नायकानं क्षणभर विचार केला. "रुपी याची याडी. धुरपता याची मोठी याडी. बस." याडी म्हणजे आई, एवढं बाईंनाही समजलं. धुरपताबाईनं पाय सोडला नाही, पण भांडण सोडलं.

न्याय झाला खरा, पण त्यात एक हिशोब चुकला. सात पोरांना सात बायका आल्या होत्या, आणि आता एका पोराला दोघी लागल्या. लांब नाकाची पोट्टी म्हणून जी सांगितलेली होती, ती अंगणाच्या मधोमध एकटीच उभी राहिली. मैना.

तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सखू धनीबाईच्या कडेवरून तिला गुळाचा खडा दाखवत होती. मैनानं हात मागे बांधले आणि 'मला काय त्याचं' असा चेहरा केला. तो चेहरा काही नीट जमला नाही.

"आणि ही?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

तांड्यातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. भीमसिंग पागोटं खाजवू लागला.

"म्हणजे एवढी एकच निराधार आहे," बाई म्हणाल्या. "एका मुलीसाठी संस्था चालवता येत नाही. हिला आज माझ्याबरोबर जीपमधून न्यावं लागेल. बाळ, कपडे गोळा कर. तुझं इथं कोण आहे?"

मैनाची मान आपोआप खाली गेली. आज तिला कोणी शिकवावं लागलं नाही. "माहं..." ती म्हणाली. "माहं कोनी..."

"खबरदार पुढे बोललीस तर!"

स्वयंपाकघराचं दार भिंतीवर आपटलं आणि कुंदाबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या. नीळकंठरावांनी लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांना असं धावताना पाहिलं नव्हतं.

"ही माझी आहे," त्या सुहासिनीबाईंपुढे उभ्या राहून म्हणाल्या.

"तुमची? पुरावा काय?"

"पुरावा? माझी अर्धी भांडी हिनं फोडलीत, हा पुरावा! दिवसभर उलट बोलते. माझ्या देवघरातल्या खडीसाखरेची डबी एकदा भरलेली राहील तर शप्पथ! मी इतकं लग्नाच्या नवऱ्याचं ऐकून घेतलं नाही कधी. पोटची नसती तर सहन केलं असतं का कोणी?"

नवऱ्याचा उल्लेख अनावश्यक होता, पण तो नाकारण्यासारखाही नव्हता. मैनानं कुंदाबाईंकडे बघितलं. मग सावकाश जाऊन त्यांच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला.

आता सुहासिनीबाईंचा पारा चढला. त्या नीळकंठरावांकडे वळल्या.

"म्हणजे सेक्रेटरीसाहेब, सातही मुलांना आईबाप आहेत. आणि सातवी तर खुद्द तुमची मुलगी! तुम्ही स्वतःच्या मुलीचं नाव अनाथालयात घातलंत? आणि यांच्या नावावर गावातून देणग्या घेतल्यात? अशांसाठीच तर हा कायदा केलाय! हे खरं आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

फाटकावर अर्धं घाटंजी जमलेलं. पंजाबराव जिनिंगवाले, शाळेचे मास्तर, मारवाडी, सगळे कान टवकारून. नीळकंठरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आयुष्यभर एका पैशाला हात लावला नाही, एक खोटा शेरा मारला नाही. 'नाही' म्हणावं, की सगळं उलगडलं. ही मंडळी लबाड ठरतील, बालसदनाची अब्रू वाचेल. आणि पोरं? मुलगे एका जिल्ह्यात, मुली दुसऱ्या. मारोती घोरेल आणि ऐकायला मैना नसेल.

त्यांनी टोपी काढली. डोक्यावर ऊन लागलं ते त्यांना कळलंही नाही.

"हो," ते म्हणाले. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाले, "हो. माझीच मुलगी. बाकीचीही यांचीच. चूक झाली, बाई."

फाटकावर कोणीतरी "बाप्पा!" म्हणालं. सुहासिनीबाईंनी चष्म्यावरून त्यांना एकदा न्याहाळलं. मग खाली बसल्या, फाईल उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यांदा म्हणाल्या, "तपासणीत एकही अनाथ आढळला नाही. सबब मान्यतेचा प्रश्न उद्भवत नाही. संस्था आजपासून बंद. पाटी उतरवा."

पाटी मास्तरांनी उतरवली. नीळकंठराव सुहासिनीबाईंना जीपपर्यंत पोचवायला गेले, खाली मान घालून. जीपमध्ये बसल्यावर बाईंनी चष्मा पुसला.

"सेक्रेटरी, मला या नोकरीत बरीच वर्षं झाली. आईला पहिल्यांदाच बघणारं मूल मला ओळखता येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

नीळकंठरावांनी चमकून वर पाहिलं. "मग बाई, तुम्ही..."

"मी काय? जिथं न्यायची ना ही मुलं, तिथं एकेका खाटेवर दोघं दोघं झोपतात. पत्रं लिहून लिहून माझे हात दुखले." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "जे डोळ्यांना दिसलं ते मी लिहिलं. अनाथ मला एकही दिसला नाही. चला हो, ड्रायव्हर."

जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि नीळकंठराव टोपी हवेत उडवत अंगणात धावत आले. "जिंकलो! भीमसिंग, जिंकलो! काय नाटक केलंत हो तुम्ही लोकांनी! धनीबाई, चहा टाक सगळ्यांना. पोरांनो, चला आता आत, सतरंजी उचला!"

पण पोरं आत आली नाहीत. ती गाड्यांत चढत होती. रुपीबाई आणि धुरपताबाई मारोतीला मध्ये घेऊन बसल्या होत्या, आणि बैलांना जू लागत होतं.

"अहो, हे काय? कुठं निघालात?"

"तांड्यावर," भीमसिंग म्हणाला. "पोरं घेऊन घरी जाऊन राह्यलो."

"पण... पण बाई गेल्या ना! आता कशाला? ते सगळं बाईंना दाखवायला होतं ना?"

भीमसिंगला पहिल्यांदाच राग आला. "दाखवाले? काय बोलता, भाऊ! तांडा बसला, नायकासमोर बाईनं म्हटलं, हा माहा पोरगा. मंग तो तिचाच. आमी काय नौटंकीवाले हाय काय?"

नीळकंठराव मटकन ओट्यावर बसले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. अख्ख्या अंगणात खोटं बोललेला माणूस एकच निघाला, आणि तो म्हणजे ते स्वतः. त्यांनी पोरांकडे पाहिलं. मारोती दोन आयांच्या मध्ये दोन्ही हातांत गूळ घेऊन बसला होता. त्यांचे डोळे भरून आले, आनंदानं की कशानं, त्यांचं त्यांनाच समजेना.

धनीबाई सखूला घेऊन जवळ आली. "रडून काहून राह्यले, भाऊ? शाळा तं इथंच हाय. रोज येतीन. दुपारी इथंच जेवतीन, मीच तं रांधतो. तुमी काय कोनी परके हाय?"

"रोज?" नीळकंठरावांनी विचारलं.

"रोज. आन मारोतीले शाळेत घालाचं वय झालं की तुमीच नाव घाला. धावजी घाला मात्र."

गाड्या गेल्या. संध्याकाळी दीनानाथ वकील बसमधून उतरून धावतपळत आले, तर पाटी नाही, पोरं नाहीत, आणि ओट्यावर नीळकंठराव एकटे. सगळी हकिकत ऐकली आणि वकिलांनी कपाळाला हात लावला.

"अहो, पण मुलगी तुमची आहे असं नुसतं तोंडानं म्हणून कसं चालेल? कागद नको? उद्या कोणी हरकत घेतली तर?"

"मग काय करायचं?" कुंदाबाई दारातून ताडकन म्हणाल्या. आतून ताटं वाजत होती. मैना वाढून घेत होती आणि तिच्या वाढण्यात काहीतरी फुटल्याचा आवाजही येऊन गेला होता.

वकील एकदम खुलले. "करायचं काय? दत्तक! छप्पनच्या कायद्यापासून मुलगीही दत्तक घेता येते. आणि गेल्याच वर्षी दुरुस्ती झाली. ज्याला आईबाप नाहीत त्याला पालकानं कोर्टाच्या परवानगीनं दत्तक द्यायचं. आता पालक कोण? इतकी वर्षं सांभाळणारे तुम्ही. म्हणजे देणारे नीळकंठराव, घेणारेही नीळकंठराव! कायद्यात चक्क बसतं. फक्त पत्नीची संमती लागते. वहिनी, तुमची संमती?"

"माझी काय विचारता? मी सकाळीच सगळ्या गावासमोर दिली," कुंदाबाई म्हणाल्या. "यांचं विचारा. सकाळी बाईंनी दरडावलं तेव्हा म्हणाले होते माझी मुलगी. आता कोणी दरडावत नाहीये."

दोघंही नीळकंठरावांकडे बघत राहिले. सभेत तास तास बोलणारा माणूस, अर्जाचा मायना पाठ असलेला माणूस, आज त्याला दोन अक्षरं सुचेनात. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं.

"अवो बोला ना लवकर!" आतून मैना ओरडली. "भाकर थंडी होऊन राह्यली! मी काय उपाशीच बसू काय तुमच्यासाठी?"

नीळकंठराव उठले. आत गेले, मैनाच्या शेजारचा पाट ओढला आणि तिच्या ताटाला ताट लावून जेवायला बसले. दीनानाथ वकिलांनी तीच संमती धरली.